रेघा कशाने भरल्या?

त्वचासंधान प्रयोगशाळेतल्या आरशासमोर उभी राहून ऋजुताने पोटावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला, तरी तिची खात्री पटेना. बाळंतपणापासून बेंबीच्या दोन्ही बाजूंना ठाण मांडून बसलेल्या रुपेरी रेघा, ते हट्टी स्ट्रेच मार्क्स, गेले होते. तेल झालं, कोरफड झाली, शेजारणींचे न मागितलेले सल्लेही झाले, आणि मग ती इथे आली होती. दुसरी कुणी असती तर पेढे वाटायला घरी पळाली असती. ऋजुता पुलांच्या भेगा तपासणारी इंजिनिअर, म्हणून तिने डॉ. अलका ढमढेऱ्यांना विचारलं की भराव कशाचा आहे.

डॉक्टरांना हसू आलं, पण प्रश्न आवडलाही. पोट झपाट्याने वाढतं तेव्हा कातडीच्या आतल्या थरातले धागे तुटतात, वरून कितीही चोळा, तिथवर काही पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. त्यांचा ‘जागृतीद्रव’ शरीरात झोपलेल्या ‘बालपेशी’ उठवायचा. त्यातही ज्या सगळ्यांत कोवळ्या, त्या आधी जाग्या होत, फाटलं असेल तिथे जाऊन बसत आणि नवे धागे विणत. बाहेरचं काहीच नाही, सगळं घरातलंच सामान.

“घरातलंच कशावरून?” ऋजुताने विचारलं.

दुरुस्त केलेल्या भेगेतून छोटा तुकडा कापून काढायचा आणि माल नीट धरलाय का ते बघायचं, ही तिच्या कामाची रीत. ती इथेही लावा म्हणून ती हटूनच बसली. डॉक्टरांनी तिळाएवढी कातडी काढून घेतली, बहुधा तिची समजूत घालायला.

रेघा घालवायची तिला घाई होती, कारण जुईचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. जुई तिच्या धाकट्या बहिणीची, मुक्ताची मुलगी. मुक्ताच्या पोटात गर्भ टिकत नव्हता, म्हणून मुक्ता आणि तिच्या नवऱ्याचा गर्भ ऋजुताने आपल्या पोटात वाढवला होता. कुणी गळ घातली नव्हती, तिनेच आपणहून विचारलं होतं. बाळ बहिणीच्या हातात देतानाही ती रडली नाही. रडली ती नंतर, न्हाणीघरात, त्या रेघांकडे बघून. कडेवर बाळ असतं तर तिने त्या मिरवल्या असत्या.

मुक्ताचं वेगळंच. साडीतून ताईचं बोटभर पोट दिसलं की तिची नजर तिथे जाई आणि ती जुईला जरा घट्ट धरी. ऋजुताला ते दिसायचं आणि खुपायचं. तिने आधी साडी नेसणं सोडलं, मग बहिणीकडे जाणं. तिला पुन्हा नुसती मावशी व्हायचं होतं, एवढंच.

काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“भरावातल्या पेशी तुमच्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

तेवढ्याने त्या घाबरल्या नव्हत्या. गरोदरपणात बाळाच्या थोड्या पेशी नाळेतून आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. आईच्या शरीरात सगळ्यांत कोवळ्या त्याच, तेव्हा द्रवाने त्याच उठवल्या असणार. पण आई आणि मूल यांची निम्मी जनुकं जुळायला हवीत, आणि इथे जेमतेम पाव हिस्सा जुळत होता. म्हणजे कुठेतरी नमुन्यांची अदलाबदल झाली होती, आणि अख्खा प्रयोग गुंडाळायची वेळ आली होती.

नाव नोंदवताना ऋजुताने बाळंतपण झालंय एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगितलं की लोक कीव करतात, आणि त्या किवेचा तिला वीट आला होता.

“पाव बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी तिची मावशी आहे.”

मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत आधी कुतूहल चमकलं, मग त्यांनाच त्याचा संकोच वाटला. ही कातडी जुईच्याच वयाची आहे, त्या म्हणाल्या, आणि ती जुईबरोबरच म्हातारी होईल. उतारा आहे. त्या पेशी काढून टाकता येतील, पण मग रेघा परत येतील.

ऋजुताला हसू आलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. जुईच्या खुणा पुसायला निघाली होती ती, आणि त्या प्रत्येक खुणेत जुईच येऊन बसली होती.

वाढदिवसाला ती साडी नेसून गेली. दारातच मुक्ताची नजर खाली वळली आणि तिथेच थबकली.

“सगळं गेलं की गं ताई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी सुटका होती की ऋजुताला तिची माया दाटून आली.

“हो,” ऋजुता म्हणाली.

मुक्ताने पहिल्यांदाच न कचरता जुईला तिच्याकडे दिलं आणि ती केक आणायला आत गेली. जुईने इकडेतिकडे चाचपडत तळवा मावशीच्या उघड्या पोटावर टेकवला आणि तो तिथेच ठेवला. ऋजुताने पदर ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डॉ. ढमढेऱ्यांना कळवलं की उतारा नको, माल चांगला धरलाय.