धाकटीच्या कोटाचं माप

मापाची टेप नवी असते तेव्हा ताठ असते. रोजच्या वापरानं ती मऊ पडते आणि हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकी, लांबते. म्हणून ताई अधूनमधून ती लोखंडी पट्टीशेजारी ठेवून तपासायची. आजही तिनं तपासली. टेप बरोबर होती, तरी तिनं ती पुन्हा एकदा पट्टीशेजारी ठेवली.

धाकटी आज येणार होती.

घराची पुढची खोली हेच आईचं शिवणाचं दुकान. आई गिऱ्हाइकांची मापं घ्यायची आणि शिवायची, ताई कापड बेतायची. माणसाच्या अंगाला हात न लावता त्याच्या अंगावर चपखल बसेल असं कापड कापायचं, या कामाबद्दल ताई मनोमन कृतज्ञ होती. कारण निसटता स्पर्शही तिला सोसवत नसे. कुणी सहज खांद्यावर हात ठेवला, तरी हात निघून गेल्यावरही तिथली त्वचा कितीतरी वेळ पोळल्यासारखी राहायची. अलीकडेच डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम हा शब्द सांगितला, तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. आपण निष्ठुर नाही, आपली घडणच वेगळी आहे, एवढंच! पण हे धाकटीला कसं सांगायचं? ‘मला मिठी नको असते’ हे एवढंसं वाक्य लहानपणापासून तिच्या ओठांपर्यंत यायचं आणि तिथूनच परत फिरायचं.

काही वर्षांपूर्वी धाकटी दूरच्या शहरात नोकरीला निघाली, तेव्हा रडत, हात पसरून ताईकडे धावली होती. आणि ताई मागे सरकली होती... धाकटीचे हात तसेच हवेत राहिले होते. “असू दे,” ती म्हणाली होती, “कळलं मला.” त्यानंतर ती घरी आली नाही. फोन यायचा, तो आईला.

आता ती समुद्रापलीकडे कायमची चालली होती, आणि जाण्याआधी आईच्या हातचा गरम कोट हवा म्हणून येत होती. ताईनं मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी मागे सरकायचं नाही. अंगाची आग झाली तरी चालेल, पण बहीण गमवायची नाही! त्यासाठी दुपारी दुकान बंद असताना ती कपडे चढवायच्या पुतळ्याला मिठी मारून सराव करत होती. पुतळा गुणी होता. त्याला हातच नव्हते.

दार वाजलं. ताई श्वास रोखून उभी राहिली. पण धाकटी तिच्या बाजूनं सरळ आईकडे गेली.

“आई! हाताला प्लास्टर?”

“अगं, पडदा लावायला स्टुलावर चढले. पडदा राहिला वर, मी आले खाली! तुझं कापड आज बेतून ठेवू, हात सुटला की शिवून पाठवते. माप ताई घेईल.”

“ताई?” धाकटी हसली, पण डोळे हसले नाहीत. “अंगाला हात लावावा लागेल हं. चालेल ना बाईसाहेबांना?”

टेप घेऊन ताई धाकटीला दिसेल अशी समोर उभी राहिली.

“खांद्याला टेप लावू का?”

“मला काय विचारतेस? मी काय परकी आहे?”

ताई गोंधळली. “विचारतातच ना? आई प्रत्येकाला विचारते. टेप लावू का, हात वर करता का, इथं धरू का... विचारल्याशिवाय आई कुणालाच हात लावत नाही.”

आईचा चेहरा एकदम उतरला. “कुणालाच नाही,” ती हळूच म्हणाली, “तुला सोडून, पोरी... तुला तेवढं कधी विचारलं नाही.”

मग ती धाकटीकडे वळली. “आणि तू फोनवर म्हणतेस, हिला माया नाही? लहानपणी अंधाराची किती भीती तुला! हिला बिलगल्याशिवाय झोपायची नाहीस. हात हिच्या गळ्यात, पाय हिच्या पोटावर. मी पाणी प्यायला उठले की बघायचे, ही डोळे उघडे ठेवून ओंडक्यासारखी पडलेली! ‘अगं, सरक जरा,’ म्हटलं की म्हणायची, ‘ती जागी होईल.’ मला वाटायचं, पोरीला झोपच कमी. आता उमगतंय गं, हिला स्पर्शच सोसवत नाही... आणि हल्ली रोज त्या पुतळ्याला मिठ्या मारत असते. तू येणार म्हणून!”

“आई!” ताईचे कान तापले.

धाकटीनं पुतळ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. “त्या बिनडोक्याला?”

“त्याची काही हरकत दिसली नाही,” ताई म्हणाली.

धाकटीला खुदकन हसू आलं आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. “किती सोसलंस गं! एकदा नुसतं ‘नको’ म्हणायचंस ना!”

“तू घाबरली असतीस,” ताई म्हणाली. “अंधार होता ना.”

धाकटी तोंडावर हात धरून रडत राहिली. ताईचंही अंतःकरण भरून आलं. आपलं ते जागं राहणं कुणीतरी पाहिलं होतं, इतकी वर्षं मनात जपून ठेवलं होतं, आणि आज नेमक्या वेळी बोलून दाखवलं होतं... प्लास्टरमधला हात सांभाळत बसलेल्या आईकडे तिनं पाहिलं, आणि या घरात जन्माला आल्याचे उपकार कसे फेडावेत, तेच तिला कळेना!

धाकटी डोळे पुसून पुढे आली. सवयीनं तिचे हात पसरले गेले. पण ती मध्येच थांबली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“ताई, मिठी मारू का? माझ्यासाठी म्हणून नको. खरं सांग.”

ताईच्या जिभेवर ‘हो’ तयारच होतं. उद्या ही समुद्रापलीकडे जाईल, पुन्हा कधी येईल कोण जाणे... पण धाकटी तशीच उभी होती, वाट पाहत, जणू कुठलंही उत्तर आलं तरी ती आता जागची हलणार नव्हती.

“नको,” ताई म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तीच क्षणभर चकित झाली, आणि मग तिनं राहिलेलंही सांगून टाकलं. “मला मिठी नको असते, धाकटे. कधीच नको होती. तू हवी असतेस.”