मंद औषध

वाशीमच्या बाजारात उत्तमरावांचं फोटोचं दुकान होतं. त्या सकाळी ते एका मेलेल्या माणसाचा फोटो काढून आले. यात नवल नव्हतं. जन्मभर ज्याचा फोटो निघाला नाही, त्याला तिरडीवर घेण्याआधी खुर्चीत बसवायचं आणि घरच्यांनी शेजारी उभं राहायचं, असली बोलावणी त्यांना नेहमीचीच.

पुंजाजी माळी आदल्या रात्री झोपेतच गेले. अंग ताठलेलं, खुर्चीत बसवायला चौघे लागले. निघताना त्यांची बायको चतुराबाई म्हणाली होती, "भाऊ, त्यायचं तोंड साफ येऊ द्या. मंग मले पाह्यले काय राहीन?"

डार्करूममधल्या लाल दिव्याखाली फिल्मवर चित्र उमटवायच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या. तेज औषध पाच मिनिटांत चित्र देई, पण अंधाऱ्या घरात काढलेला चेहरा ओबडधोबड करून टाकी. मंद औषध अर्धा तास खाई, पण सावलीतली रेघन्‌रेघ उकलून दाखवी. उत्तमरावांनी मंद औषध ओतलं. घाई कोणाला होती?

बाहेरून रामनामाचा गजर गेला. ते ताटलीत फिल्म हलवत राहिले.

आधी पुंजाजींचा भाऊ उकंडराव उमटला. मग चतुराबाईच्या बांगड्या, अगदी मोजून घ्याव्यात अशा. मधला, खुर्चीतला चेहरा मात्र पुसटच राहिला... हळूहळू त्यात एकाशेजारी एक तीन नाकं दिसू लागली.

फोटो घेताना भिंगावरचं झाकण दहा सेकंद उघडं होतं. तेवढ्यात जो हलतो, तोच असा फिसकटतो. उभे दोघे तर दगडासारखे स्थिर होते!

उत्तमराव तसेच मसणवट्याकडे पळत सुटले. पोचले तेव्हा चिता धडधडत होती.

"काहून धावत आले, भाऊ?" उकंडरावानं विचारलं. "आता काय पाह्यचं राह्यलं?"

पाच मिनिटांचं औषध घेतलं असतं, तर तिरडी गल्लीतच अडवता आली असती. हे कोणाला सांगणार?

ते परतत असताना चतुराबाई आपल्या दारातच उभी होती.

"तोंड साफ आलं का, भाऊ?"

"फिल्म... खराब झाली, बाई."

ती पदर तोंडाशी धरून पुटपुटली, "मले वाटलं, मलेच भास झाला... त्यायनं मान हालवली, भाऊ. नाही म्हनल्यावानी."