कान्हाच्या वाट्याची गोळी

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण मला खोटारडी म्हणू नका.

मी सगळा जन्म दवाखान्यात काढलेली बाई आहे. प्रेतं ठेवतात त्या खोलीच्या शेजारी बसून डबा खाल्लाय मी. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरींना आयुष्यभर झापत आले. आजही झापते.

पण थळच्या कोळीवाड्यात जे झालं, ते झालं.

साल त्रेसष्ट. शिमगा नुकताच होऊन गेलेला. आणि रात्र वगैरे काही नव्हती हं... चांगली टळटळीत दुपार होती.

मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. मूळची तळा गावाकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. समुद्र लांबूनच पाहिलेला. शेवटच्या वर्षाला आम्हा मुलींना गावोगाव पाठवत. घरी जाऊन रोग्याला औषध द्यायचं आणि ते कसं घ्यायचं ते शिकवायचं. मला थळ मिळालं. तेव्हा तिथे तो खताचा कारखाना नव्हता. माड, वाळू, होड्या आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वास असा की सुरुवातीला मला घास उतरेना.

आमच्या शिकवणाऱ्या बाई फार कडक. औषध हातात घेतलं की आधी रोग्याचं नाव विचारायचं. रोजच्या ओळखीचा असला तरी विचारायचं, आणि ते त्यानेच सांगायचं. मग औषध तेच आहे का बघायचं, किती ते बघायचं, आणि गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. मग शिकवायचं.

"मान डोलावली म्हणजे कळलं असं धरू नका," बाई म्हणायच्या. "करून दाखवायला लावा."

त्या करून दाखवण्यानेच सगळं बाहेर आलं.

ठमी माझ्याहून थोडी मोठी. क्षयाची रोगी. घरात ती, तिची सासू आवडाबाई आणि रांगणारी पोर, केसर. नवरा कान्हा. त्यालाही हाच रोग. दोघांची तपासणी एकदमच झालेली, पण औषध सुरू व्हायच्या आधी तो होडीवर गेला. कडेला बसून खोकत होता, मोठी उबळ आली आणि तोल गेला, एवढंच बरोबरच्यांनी सांगितलं.

प्रेत मिळालं नाही.

म्हणून ठमीने बांगड्या उतरवल्या नव्हत्या. आणि आवडाबाईने घराचं मागचं दार, समुद्राकडचं, त्या दिवसापासून लावलं नव्हतं.

माझ्या आधी तिच्याकडे रतन जायची, माझ्याच वर्गातली. ती म्हणाली, बाई शहाणी आहे, गोळ्या वेळेवर संपवते. गोळ्या संपत होत्या हे खरंच. पण ठमी काही सुधारत नव्हती. वाळत चालली होती. थुंकीत रक्त यायचं. डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं, हे असंच चाललं तर त्या पोरीला आई राहायची नाही.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, वहिनी, गोळ्या कशा घेता ते मला करून दाखवा.

तिने डबीतून दोन गोळ्या काढल्या. दिवसाला दोनच होत्या. एक पाण्याबरोबर गिळली. मग उठली, मागच्या दाराशी गेली...

आणि दुसरी गोळी उंबऱ्याबाहेरच्या करवंटीत टाकली.

अगदी सहज. माझ्या डोळ्यांदेखत.

मी विचारलं, ही कोणासाठी?

"त्याचा वाटा," ठमी म्हणाली.

मला आधी कळेचना. मग आवडाबाईने समजावलं. होडी किनाऱ्याला लागली की म्हावऱ्याचे, म्हणजे मासळीचे, वाटे पडतात, ज्याचा त्याचा वाटा घरी जातो. माणूस दर्यात गेला आणि सापडला नाही, तर त्यांच्या आळीत त्याचा वाटा बंद करत नसत. कान्हाच्या वाट्याचं म्हावरं अजून घरी येत होतं. मग खोकला दोघांना असताना, औषध घरात आल्यावर, एकटीने कसं खायचं? दोघींना हे इतकं रास्त वाटत होतं की माझं डोकंच फिरलं.

चांगलं फैलावर घेतलं मी त्यांना. म्हटलं, अहो, ही काय वाटून खायची वस्तू आहे? अर्ध्या औषधाने हा रोग मरत नाही, उलट मुजोर होतो. मग पुरं औषध दिलं तरी दाद देत नाही. एका माणसाचं औषध एकाच्याच पोटात पुरं गेलं पाहिजे. आणि ठेवलेली गोळी जाते कुठे? कावळेच खात असणार.

आवडाबाई म्हणाली, कावले त्या करवंटीला शिवत न्हाय.

मी हसले.

मागच्या अंगणात बोंबील वाळत होते आणि त्यावर कावळ्यांचा नुसता कालवा चालला होता. आम्ही बोलत होतो तोही त्यांच्यावर आवाज चढवूनच. आणि एकदम...

सगळं गप्प.

मी बाहेर पाहिलं. बांबूवर एक कावळा नाही. माडावर नाही. कौलावर नाही.

मग खोकला आला.

पुरुषाचा. ओला, छातीत पाणी साचल्यासारखा. मागच्या कुडाला टेकून कोणी उभं असावं, इतका जवळ.

मी तडक बाहेर गेले. मी तशीच आहे, आधी जाते आणि मग घाबरते. बाहेर कोणी नव्हतं. बाप्ये सगळे दर्यावर, बाया बाजारात. वाळू सपाट पडलेली. करवंटीत पाहिलं...

गोळी नव्हती.

आत आले तर ठमी पोरीला थोपटत बसलेली. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आता कमी हाय त्याचा. आदी लई व्हता."

ती खंगत होती, आणि बाहेर जे काही होतं... ते बरं होत होतं.

त्या दिवसापासून मी डबी माझ्या पिशवीत ठेवली. रोज दुपारी जायचं, नाव विचारायचं, दोन्ही गोळ्या माझ्या हाताने द्यायच्या. ठमी रडली, हातापाया पडली. मी केसरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, हिला बापही नाही आणि आईही नाही, असं करायचंय का? तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

सासू मात्र मी आले की तोंड फिरवून बसायची.

गुण आला. आधी संध्याकाळचा ताप उतरला. मग भूक लागली. मग रक्त थांबलं. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू, माझ्या हाताखाली बरं होणारं पहिलंच माणूस ते.

पण बाहेर...

जसजशी ठमी सावरत गेली, तसतसा तो खोकला वाढत गेला. दुपारी कावळे उडाले की समजायचं, आता येणार. आधी ठसका असायचा. मग लांबच लांब उबळी. मग उबळीनंतर घरघर, आणि थुंकल्याचा आवाज. वॉर्डात मी तो खोकला ऐकलेला होता. तसा खोकणारा माणूस फार दिवस काढत नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं.

रतनला मी हळूच विचारलं, तिथे कधी खोकला ऐकलास का? ती म्हणाली, हो की, कोणी शेजारी असेल, मी त्याला आतूनच ओरडून सांगितलं होतं, दवाखान्यात ये म्हणून.



मग ती दुपार आली. मी गोळ्या हातावर घेऊन बसले आणि ठमीने दातांवर दात घट्ट धरले. बाहेर उबळ सुरू होती. थांबतच नव्हती. मध्येच श्वास अडकायचा, आता संपलं असं वाटायचं, आणि पुन्हा सुरू. ठमीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंड काही उघडेना. आवडाबाई केसरला मांडीवर घेऊन भिंतीशी बसलेली.

एक दिवस चुकला की दुसरा चुकतो. मग सगळंच सुटतं. मला ते माहीत होतं, आणि मला दुसरं काही सुचेना. सवयीने मी विचारलं,

"नाव?"

ठमी गप्प.

बाहेरचा खोकलाही थांबला.

आणि दाराच्या पलीकडून... अगदी खोल गेलेल्या आवाजात...

"कान्हा."

ठमीचे ओठ मिटलेले होते. मी समोर बसले होते, मी पाहिलंय. गोळ्या माझ्या मुठीत घामाने भिजल्या. हात मागे घ्यावा की पुढे करावा, हेच कळेना.

आवडाबाई उठली. तिने ऐकलं होतं. आई होती ती, तिला आवाज ओळखायला किती वेळ लागणार? तिने केसरला ठमीच्या मांडीवर दिलं आणि माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही माझ्या हातातली गोळी ओढून घेणार. मी मूठ आवळली. पण ती माझ्या बाजूने पुढे गेली, मागच्या दाराशी उभी राहिली आणि दाराच्या फळीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली,

"कान्हा, बाला... तुजी पोर लहान हाय. तिला आय पायजे. तू जा."

आणि तिने दार लोटलं. कडी घातली.

मग तिथेच दाराला पाठ लावून खाली बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. तिच्या पाठीमागचं दार हलत होतं. तिच्या हुंदक्यांनी, की बाहेरच्या खोकल्याने, देव जाणे. मला ते बघवेना.

ठमीने तोंड उघडलं. मी दोन्ही गोळ्या दिल्या. ती गिळेपर्यंत बसले, आणि मग मीही रडले.

त्यानंतर तिने एक दिवसही चुकवला नाही. माझी परीक्षा झाली आणि नेमणूकही तिकडेच मिळाली, म्हणून मी जात राहिले. वर्ष उलटून गेलं तरी औषध चालू होतं. दार बंद असायचं. त्याच्यामागे खोकला असायचा. आम्ही तिघी त्यावर बोलत नसू. ठमी डोळे मिटून गोळ्या गिळायची आणि केसरला घट्ट धरून बसायची, आवाज संपेपर्यंत.

शेवटी छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, बरी झाली, औषध बंद करा.

मी ते सांगायला धावतच गेले, अगदी पेढे घेऊन. ठमी आता अंगाने भरली होती, बाजारात म्हावरं विकायला बसत होती. केसर घरभर पळत होती. मी म्हटलं, वहिनी, संपलं. आता तुम्हाला गोळ्या नकोत.

तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे माजं पुरं झालं?"

मी म्हटलं, पुरं झालं.

"मंग आता त्याचं सुरू करा."

वेड लागल्यासारखी नव्हती हो ती. आपला नंबर कधी लागणार असं दवाखान्यात विचारतात ना, तसं साधं विचारत होती. औषध अर्धं करायचं नाही, एकाचं पुरं व्हायला पाहिजे, हे मीच तिच्या डोक्यात भरलं होतं. तिने ते मनापासून ऐकलं होतं. एकीचं पुरं झालं की दुसऱ्याचं, असं समजून ती बाई एवढे दिवस तो खोकला ऐकत थांबली होती.

मागे कडी वाजली. आवडाबाईने दार सताड उघडलं होतं.

बाहेर ऊन. वाळू. बोंबील वाळत होते...

कावळा एक नव्हता.

आणि खोकला नव्हता. दाराच्या बाजूला, कुडापलीकडे, कोणीतरी श्वास रोखून धरला होता. ते मला जाणवत होतं. ठमी माझ्याकडे बघत होती, आवडाबाई बघत होती. माझ्या उत्तराची तिघंही वाट बघत होती.

मी पिशवी उचलली आणि पुढच्या दाराने निघून आले. पुढच्याच महिन्यात बदली मागून घेतली.

ठमी पुढे खूप वर्षं जगली असं कानावर आलं. केसरचं लग्नही झालं. थळला मी परत पाऊल ठेवलेलं नाही. काय सांगणार होते मी तिथे?

त्यांना मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.