मागचा डावा स्पीकर

विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या. माझ्या घरात, माझ्या कानांनी ऐकलेलं सांगतेय. आणि रात्र-बित्र काही नव्हती. लख्ख उन्हाची दुपार होती, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

मी घरीच साउंड मिक्सिंग करते. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, समोर तीन स्पीकर, पाठीमागे दोन आणि टेबलाखाली घुमणाऱ्या आवाजांचा एक मोठा. बाळंतपणानंतरचं पहिलंच काम हातात होतं, जंगलावरची फिल्म. पक्षी मागून, वारा चहूबाजूंनी, असा सगळा थाट.

कॉम्प्युटरमधल्या साध्या कार्डावर ते जमेना. दुकानदाराने दोन साउंड कार्डं घरी पाठवली. "ताई, दोन्ही लावून बघा. पटेल ते ठेवा."

पहिलं स्वस्तातलं. सगळीकडे खरखर, आणि मागच्या स्पीकरमध्ये पुढचाच आवाज उष्टा केल्यासारखा.

दुसरं वापरलेलं, पण भारी. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र वाट. लावलं आणि जीव हरखला. खरखर औषधालासुद्धा नाही. इतकं स्वच्छ, की...

मागच्या डाव्या स्पीकरमधून काहीतरी ऐकू आलं.

चप्... चप्... मग ओढून घेतल्यासारखं, सुर्र...

आणि गिळल्याचा आवाज.

शी!

तोंडाच्या आवाजांचा मला भयंकर तिटकारा आहे. नवरा मिटक्या मारत जेवतो म्हणून पाहुण्यांसमोरही मी त्याच्यावर डाफरते. त्यात आमचं कामच असं, की लोकांच्या बोलण्यातले लाळेचे, ओठांचे आवाज वेचून काढत बसायचं. दुसऱ्यांची थुंकी पुसण्याचाच धंदा म्हणा ना. त्यामुळे तोंडं मला बरोबर ओळखू येतात.

हे मोठ्या माणसाचं तोंड होतं. आणि त्यात दातांचा आवाज कुठेच नव्हता...

नुसत्या हिरड्या.

फिल्म थांबवली. आवाज चालूच. माइक तर खोलीत नव्हताच. मागच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. कार्डात दोष असेल तर आवाज उजवीकडे जायला हवा.

गेला नाही.

मग स्पीकरच खराब असेल, म्हणून तेही उचलून इकडचे तिकडे केले.

तरी डावीकडेच.

डावीकडे भिंतीशी पाळणा होता. त्यात आमचा ढब्बू, सहा महिन्यांचा, गाढ झोपलेला. हात दुपट्यात गुंडाळलेले, तोंड मिटलेलं. एक मोजा निघाला होता.

मी त्या पायाला हात लावला...

लिबलिबीत. बोट उचललं तर तार सुटली. पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. आणि वास... कित्येक दिवस न धुतलेल्या तोंडाचा. मी तिथेच, पाळण्याशेजारी, भडाभडा ओकले.

साबणाने पाय घासले त्याचे. तो रडून लाल झाला, तरी घासत राहिले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "अगं, बाळं घालतात पाय तोंडात. त्याचीच लाळ असेल."

"हात बांधलेले असताना? झोपेत? काहीतरी बोलू नकोस."

मी त्याला खोलीत बसवलं. थोड्या वेळाने चप् चप् सुरू झालं. नवऱ्याने झटकन पाळणा उचलून उजव्या भिंतीशी नेला.

शांतता.

मग... उजवीकडून. चप्...

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे कार्ड आत्ताच्या आत्ता परत कर. दुसरं ठेव. त्यात नव्हतं ना ऐकू येत?"

"अरे, कार्ड परत केल्याने पाय चाटायचं थांबेल का?"

ऐकेल तर शपथ. त्याने स्वस्तातलं लावलं. नुसती खरखर. "बघ, गेलं!" म्हणून हसलासुद्धा. मी पाळण्यात हात घातला. दोन्ही पाय ओले होते.

म्हणजे ते आधीपासूनच होतं. मोजे हरवतात म्हणून किती वैतागले होते मी! ओले सापडले तर वाटायचं, ढब्बूनेच त्यांवर दूध ओकलं.

आम्ही माझ्या आईकडे जाऊन राहिलो. तिथेही पाय ओले. फरक एवढाच, की तिथे कधी होतंय ते कळत नव्हतं.

परत आलो. दुकानदाराचा फोन आला, "ताई, कुठलं ठेवताय?"

"भारी."

"वा! कान आहेत तुम्हाला."

नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेला. जावो. कुठे आहे ते मला कळायलाच हवं होतं.

मग एका दुपारी मी काम करत होते. पाळणा पायाशी ओढून घेतला होता आणि अनवाणी पायाने झोके देत होते. आवाज सुरू झाला. माझं डोकं फिरलं. "मेल्या, लाज नाही वाटत? तान्हं लेकरू आहे ते! खायचंच असेल तर मला खा!"

आवाज थांबला.

पडद्यावरचा आवाजाचा मीटरही शून्यावर पडला. काहीच नाही...

मग समोरच्या मधल्या स्पीकरमधून. चप्.

माझ्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी कोमट, मऊ लागलं. ओठ. मग हिरड्या. मग खरबरीत जीभ बोटांच्या बेचक्यांत शिरली. खाली बघितलं, तर टेबलाखाली फक्त स्पीकर, वायरी आणि माझा पाय.

मी ढब्बूचे पाय चाचपले.

कोरडे होते. गरम, कोरडे, पावडरच्या वासाचे.

मी पाय मागे घेतला नाही. शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात ओकले, तोंड पुसलं आणि तशीच बसून राहिले.

तेव्हापासून रोज बसते. पायाची कातडी सोलवटून निघालीये. त्या वासाची सवय होईल असं वाटलं होतं, होत नाही. डॉक्टर बुरशीचं मलम देतात, मी घेते. नवरा जेवताना आता तोंड मिटून चावतो. तो आवाज काय आहे, कुणाचा आहे, आमच्याच घरी का, मला आजही माहीत नाही.

ढब्बू कालपासून रांगायला लागलाय. क्षणभर एका जागी ठरत नाही. नवरा, आजी, मावशी, सगळे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात.

मी त्याच्या मागे मागे घरभर अनवाणी फिरते.