चार नंबरची खाट

हसू नका. आमच्या छापखान्यात एक वायरमन यायचा, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. माणूस असा, की चालू वायरला बोट लावेल पण थाप मारणार नाही.

त्या संध्याकाळी तो बहिणीकडे औषधाची बाटली पोचवायला गेला. बाटली द्यायची, चहा घ्यायचा, परत यायचं. त्याचे दाजी म्हणजे आमचाच बाइंडर. जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर पार कामातून गेलेलं. दारूचा थेंब घेतला नाही कधी, तरी गल्लीनं परस्पर बेवडा ठरवलेला. आठ दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आणला, तर झोपेचं सगळं उलटं होऊन बसलेलं. दिवसा खुर्चीत घोरायचा, रात्री टक्क जागा.

बहिणीनं दार उघडलं. डोळे खोल गेलेले.

"आठ रात्री पाठ टेकली नाही रे. आणि आता ते कुणाशी तरी बोलतात. डॉक्टर म्हणालेत, बरळायला लागले, हात फडफडायला लागले, तर समजा आजार डोक्यात चढला. लगेच आणा."

"तू झोप ताई. मी बसतो."

मंगळवारची रात्र. अकरा तारीख. खोलीत एक खाट, एक स्टूल, भिंतीशी न शिवलेल्या वह्यांचे गठ्ठे. दाजी मजेत होते.

"वटवाघूळ झालोय बघा, मेहुणे. उलटं टांगायचं तेवढं बाकी आहे."

दोन वाजून दहा मिनिटांनी दाजींनी पाय आखडून घेतले. पायथ्याशी जागा केली. म्हणाले, "या. बसा."

"कुणाला म्हणताय?"

"चार नंबरचे. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर होते. लिव्हरचेच. त्यांनाही झोप नसायची. रात्र रात्र गप्पा मारल्यात आम्ही."

वायरमनला वाटलं, सुरू झालं म्हणायचं बरळणं!

"दाजी, वार कुठला?"

"मंगळवार संपला. बुधवार लागला."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव. मग शहाऐंशी. पुढे सांगू?"

"हात धरा समोर."

हात सरळ. जरासुद्धा फडफड नाही.

माणूस शुद्धीवर होता, पोरांनो. पूर्ण शुद्धीवर.

मग वायरमनची नजर पायथ्याकडे गेली. गादी दबली होती. कुणी बसल्यावर दबते... तशी.

दाजी ऐकत होते. मान हलवत होते. "हो का?" म्हणाले. "अरेरे," म्हणाले. मग मान हलायची थांबली.

"काय... काय म्हणतात?"

"म्हणतात, आज तुम्हाला झोप लागेल. गाढ." दाजींनी पांघरूण वर ओढलं. "म्हणतात, मला लागली तेव्हा घरच्यांना किती बरं वाटलं. कुणी उठवलंच नाही..."

गादी वर आली. हळूच.

साडेतीनला दाजींना झोप लागली. शांत, लेकरासारखी. बहीण दारात येऊन उभी. डोळ्यांत पाणी.

"लागली बाई एकदाची. लाइट घालव रे."

वायरमननं बटणावर बोट ठेवलं. थांबला.

"दाजी."

...

"दाजी!"

गाल थोपटले. पाणी मारलं. चिमटा काढला. काही नाही. श्वास चालू. माणूस मात्र... आत नाही.

"झोपू दे ना रे! वैरी आहेस का त्यांचा?" बहीण किंचाळली.

त्यानं ऐकलं नाही. दाजींना खांद्यावर टाकलं, पायऱ्या उतरला, गाडी थांबवली.

डॉक्टर म्हणाले, "ही झोप नव्हे, बेशुद्धी. सकाळची वाट बघितली असती तर हाती लागले नसते."

चौथ्या दिवशी बाइंडर उठून बसला. वाचला. वायरमननं नर्सला चार नंबरचं विचारलं. ती म्हणाली, "ते? तुमचे दाजी घरी गेले ना, त्याच रात्री, पहाटेकडे वारले. झोपेतच. बायको उशाशीच बसली होती. लोकांना खुणेनं गप्प करत होती, झोप मोडू नये म्हणून."

बहीण घरी आली. खाटेवरची चादर काढली. पायथ्याशी, गादीच्या खळग्यात, दवाखान्यात मनगटाला अडकवतात ती प्लॅस्टिकची पट्टी, कापल्याशिवाय न निघणारी. दाजींची पट्टी दवाखान्यातून घरी सोडलं त्याच दिवशी नर्सनं कापून टाकली होती. हिच्यावर चार नंबर लिहिलेला.

ही कापलेली नव्हती. बंद होती. गोल.

वायरमननं ती मला दाखवली. मी बोटं घालून पाहिली. चार गेली...

अंगठा जात नव्हता.