टेसाची पाटी

डोव्हरच्या धक्क्यावर एक भिंत आहे. समुद्रात जीव गेलेल्या आमच्या माणसांच्या ॲल्युमिनियमच्या पाट्या तिच्यावर लागतात, आणि त्या मर्व्हिन पायबसच्या शेडमध्येच कापल्या जातात. तिथलं बोटींचे पत्रे कापायचं, संगणकावर चालणारं राउटर यंत्र मी चालवतो. माझ्याआधी मर्व्हिनची मुलगी टेसा चालवायची. मलाही तिनेच शिकवलं. ॲल्युमिनियमला घाई चालत नाही; थोडं थोडं खाली उतरायचं, स्पिरिट मारत राहायचं, नाहीतर कीस कटरला चिकटतो आणि कटर मोडतो. ती नुसत्या आवाजावरून सांगायची, "नोएल, रडतंय ते. हळू घे."

मागच्या वर्षी तीन जूनला टेसा शेवंडांचे पिंजरे उचलायला एकटी गेली, ती परतलीच नाही. बोटही सापडली नाही. गावच्या सगळ्या बोटी शोधत होत्या, माझीही. आठ तारखेला वारा इतका चढला, की मर्व्हिननेच रेडिओवर सांगितलं, "परत या सगळे. अजून कुणाचं पोर जायला नको." खरं सांगतो, ते ऐकून मला हायसं वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

नऊ महिने मर्व्हिन पाटीचं नाव काढू देत नव्हता. शेवटी त्याची बायको जोन हटून बसली, रविवारी पाटी लागलीच पाहिजे. शुक्रवारी सकाळी तो चहाचा मग घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. नाव, जन्मतारीख आणि खाली तीन जून, हा मजकूर त्याने स्वतः टाईप केला होता.

नाव सुरेख कोरलं गेलं. जन्मतारीखही. मग कटर जरासा वर उचलला गेला आणि पुढची तारीख त्याने हवेतच काढली. पत्र्यावर ओरखडासुद्धा नाही.

"झीरो नीट लावला नसशील," मर्व्हिन म्हणाला. कटर पत्र्याला नेमका कुठे टेकतो, ते यंत्राला दाखवून देणं म्हणजे झीरो लावणं.

"कागद सरकवून बघितला होता."

"मग तुझ्याच डोक्याचा झीरो हलला असेल."

नऊ महिन्यांतली त्याची ही पहिली थट्टा. मला बरं वाटलं.

मी कागदाचा कपटा पुन्हा कटरखाली सरकवला, अडकला तिथे झीरो लावला आणि तेवढीच ओळ परत चालवली. परत हवेत. फाईलमध्ये कापायची खोली बरोबर होती. कटर बदलला, पत्र्याची पकड तपासली. तिसऱ्यांदा तेच. आवाज मात्र हवेत फिरल्याचा नव्हता. धातू कापताना येतो तसा होता, बारीक आणि रडवा.

"बंद कर," मर्व्हिन म्हणाला. "तिला नकोय."

"यंत्र आहे ते, मर्व्ह."

"कळतं मला." त्याने चहाचा मग खाली ठेवला. "पण रविवारी जोनला काय सांगू?"

मी चौथ्यांदा बटण दाबलं.

कटर खाली उतरला. कीस उडाला. मी स्पिरिट मारत राहिलो. यंत्र थांबलं, तेव्हा फडक्याने पाटी पुसली.

चौदा जून.

संगणकाच्या पडद्यावर अजून तीन जूनच होतं.

मर्व्हिनने अंकांवरून अंगठा फिरवला. कड घासलेली नव्हती, अंगठा कापला.

"आपण परत कधी फिरलो?"

"आठला."

"त्यानंतर सहा दिवस," तो म्हणाला.

मला त्याच्याकडे बघवेना. "दुसरी पाटी हाताने ठोकून देतो. तीनचा ठसा आहे माझ्याकडे."

"नको. हीच लाव."

"जोन ती तारीख वाचेल."

त्याने कानस घेतली आणि पाटीची कड घासायला लागला.

"तेव्हा जोन रोज परसातला दिवा पेटता ठेवायची," तो म्हणाला. "पोरीला खाडीतून दिसावा म्हणून. चौदाला भर जेवणातून उठली आणि बंद करून आली. म्हणाली, आत्ता गेली ती. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, तीनलाच गेलीय."