माणसांसकट चित्रं

"हा कान माझा आहे!"

मी दचकून वर पाहिलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या गोदीजवळच्या खाणावळीत तो शेजारच्या स्टुलावर बसला होता. हातात कॉफीचा मग, खाडीच्या वाऱ्याने विस्कटलेले केस... आणि नजर थेट माझ्या कागदावरच्या रेखाटनावर.

"कशावरून तुझा?"

"रोज आरशात बघतो ना! एवढा मोठा कान अख्ख्या गोदीत दुसरा नाही."

"मग नीट बस. हललास तर आणखी मोठा होईल."

तो ताठ बसला. आमारो सिल्वेरा त्याचं नाव, फेरीबोटीवर खलाशी होता. मी आयरिस लिंडक्विस्ट, चित्रकार, असं सांगितल्यावर तो हसला नाही. मला तेच आवडलं.

१९५४ साल होतं. चित्रात माणूस दिसला की चित्रकार मागासलेला, असं जाणकारांनी ठरवूनच टाकलं होतं. मी मात्र माणसंच काढायची. दुपारी पायरीवर पाय पसरून बसलेल्या बायका, जाळी विणणारे म्हातारे... आणि आता आमारो. दर रविवारी तो माझ्या पोटमाळ्यावर येऊन खिडकीत बसायचा. त्याच्या मानेवरचा उन्हाचा पट्टा रंगवताना माझा हात उगाचच रेंगाळायचा.

"अजून मानच चाललीय?" तो मिस्कीलपणे विचारायचा.

"मान अवघड असते. गप्प बस."

एका रविवारी थॅचर नावाचे गॅलरीवाले चित्रं बघायला आले. "रंग सुरेख आहेत! तेवढी माणसं काढून टाका, की पुढचं प्रदर्शन तुमचंच."

ते गेल्यावर आमारो हळूच म्हणाला, "एकदा ऐक ना त्यांचं. नाव झालं की काढ हवं ते."

मी रंगाने भरलेला ब्रश त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्यापासूनच सुरुवात कर. पूस."

तो ब्रश घेऊन स्वतःच्या चित्रासमोर गेला. मग ब्रश खाली ठेवून म्हणाला, "आमच्या कामगार संघटनेचा हॉल रविवारी रिकामा असतो. भिंती मळक्या आहेत... पण लांबलचक आहेत."

त्या भिंती आम्ही दोघांनीच पांढऱ्या रंगवल्या आणि माझी चित्रं टांगली. थॅचरना मी नकार कळवला. प्रदर्शनाला लोक चर्चमधून थेट आले, एकमेकांना चित्रांत ओळखून खिदळले. वर्तमानपत्रवाला एकही फिरकला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एकाही चित्रातला माणूस पुसावासा वाटला नाही.

दुपारी एका डॉक्टरीणबाईंनी खिडकीतला आमारो विकत मागितला.

"ते विकायचं नाही," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?" आमारो कुजबुजला. "कुणी मागितलेलं तेच तर एक चित्र आहे!"

"चित्र द्यायचं नाही. आणि त्यातला माणूसही मला हवाय... कायमचा. लग्न करशील माझ्याशी?"

त्याने चोरून कोपऱ्याकडे पाहिलं.

"माझी आई..." तो कसाबसा म्हणाला, "तिला आमच्यातलीच, पोर्तुगीज सून हवीय गं."

"कुठे आहे ती?"

कोपऱ्यात एक ठेंगणी बाई सगळ्यांना गोड पाव वाटत होती. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं. मी स्कर्टला हात पुसले आणि सरळ तिच्या दिशेने निघाले.

मागून धावती पावलं आली.

"थांब, आयरिस! अगं, माझं 'हो' म्हणायचं राहिलंच— हो!"